नाशिकची द्राक्षवाट: सहा जण, एक जीएलएस, दोन रात्री. नियोजन तपासून द्या

ठाणेकर_मुक्कामी
फेब्रुवारीचा दुसरा आठवडा, शुक्रवार ते रविवार. आजी-आजोबा, आम्ही दोघं, नऊ आणि चार वर्षांची दोन मुलं. गाडी मर्सिडीज जीएलएस डिझेल, तिन्ही रांगा वापरात. मुक्काम गंगापूर रोडला. वाटेत इगतपुरीकडच्या दोन वायनरी, दुसऱ्या दिवशी सुला, यॉर्क, सोमा या वायनरी आणि दिंडोरी, तिसऱ्या दिवशी निफाड करून परत. दोन खोकी वाइन घरी आणायची आहे. काय चुकतंय ते सांगा.

गोदाकाठ
दुसरा दिवस चुकतोय. एका दिवसात चार वायनरी म्हणजे चार वेळा पार्किंग, चार वेळा तीच टाक्यांची आणि पिंपांची फेरी. तिसऱ्या ठिकाणी मुलं जमिनीवर बसतात आणि आजोबा गाडीत. दिवसाला दोन, त्यातही टूर एकाच ठिकाणी घ्या, दुसऱ्या ठिकाणी नुसतं बसा.

नाशिकचे पट्टे वेगवेगळे आहेत हे नकाशावर आधी पाहा. गंगापूर धरणाच्या बाजूला सुला, यॉर्क, सोमा जवळजवळ आहेत, शहरापासून दहा-पंधरा किलोमीटर. इगतपुरी तालुक्यात मुकणे धरणाच्या परिसरात सांजेगावला ग्रोव्हर झाम्पा आणि कावनई शिवारात व्हॅलोने. दिंडोरीकडे शाँदों. निफाडला कुंदेवाडीत रेव्हिलो आणि त्याच्या पुढे विंचूरचा वाइन पार्क. एका दिवसात एक पट्टा. दिंडोरी आणि निफाड जोडायचा मोह होतो, पण मधले रस्ते हंगामात ट्रॅक्टरचे असतात.

शनिवारी दुपारी सुलाच्या वाटेवर मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते. शनिवारी सकाळी उघडल्या उघडल्या जा, जेवणाआधी बाहेर पडा. शुक्रवारी जमलं तर त्याहून बरं. शिवाय सिंहस्थाच्या कामांमुळे शहरात कुठला रस्ता कधी खोदलेला असेल ते हॉटेलवाल्यालाच निघताना विचारा, मॅपवर विसंबू नका.

घाटमाथा
ठाण्याहून समृद्धी घ्या. आमणे ते इगतपुरी हा ७६ किमीचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला. कसारा घाट चुकतो, सुमारे आठ किमीचा बोगदा लागतो. मोटारींना १२० ची मर्यादा आहे. इगतपुरीला उतरून जुन्या महामार्गाने नाशिक. फास्टॅगचा वार्षिक पास असेल तर तो समृद्धीवर चालत नाही, तो राष्ट्रीय महामार्गांपुरता आहे. टॅगमध्ये वेगळे पैसे ठेवा.

चाकं_बिकं
सहा माणसं, सामान आणि १२० चा वेग म्हणजे पहिला विषय हवा. इंधनाच्या झाकणाच्या आत तक्ता चिकटवलेला असतो, त्यात कमी वजनाचा आणि पूर्ण वजनाचा असे दोन आकडे आहेत. बहुतेक जण पहिल्यावर गाडी चालवतात. तुम्ही पूर्ण वजनाचा घ्या, आणि गाडी रात्रभर उभी असताना, थंड टायरला. पंपापर्यंत दहा किमी चालवून मोजलं तर आकडा फुगलेला दिसतो आणि हवा कमी भरली जाते.

नाशिकला पहिल्या सकाळी टायरचा पिवळा दिवा लागला तर घाबरू नका. ठाण्यात २६ अंशाला भरलेली हवा नाशिकच्या १० अंशांत अडीच-तीन पीएसआयने उतरते. निफाडचा पारा तर थंडीत बऱ्याचदा राज्यात सर्वांत खाली असतो. पण चारपैकी एकच चाक खाली असेल तर ते थंडीचं नाही, पंक्चर आहे. स्क्रीनवर चारही आकडे एकमेकांशी ताडून बघा.

निघण्याआधी घरीच डिकीचा तळ उचलून बघा. स्टेपनी आहे, घडीची स्टेपनी आहे की नुसता पंपाचा डबा आहे? घडीची असेल तर तिच्यात हवा भरायचा पंप चालतो का? बारीक स्टेपनीवर ८० च्या वर जायचं नाही. चाकाला कुलूप-नट असेल तर त्याची चावी सर्व्हिसिंगनंतर जागेवर परत आली आहे याची खात्री करा, ही चावी हरवलेली कळते ती नेमकी रस्त्याच्या कडेला. ओढायचा हुक कुठे आहे तेही. चारही चाकांना ताकद जाणारी गाडी आहे, दोन चाकं उचलून ओढू देऊ नका. सपाट पाटाची गाडीच मागवा.

डिझेल आहे म्हणून ॲडब्लू, म्हणजे धूर स्वच्छ करणारं, वेगळ्या टाकीतलं द्रव. गाडी 'इतक्या किमीनंतर सुरू होणार नाही' असं मोजत येते. शून्यावर पोचल्यावर चालू इंजिन बंद पडत नाही, पण एकदा बंद केलं की पुन्हा सुरू होत नाही. आणि वायनरीच्या पार्किंगमध्ये तुम्ही ते बंद करणारच. निघण्याआधी टाकी भरून घ्या.

ठाणेकर_मुक्कामी
ॲडब्लूची सूचना आलेली नाही, तरी भरून घेतो. टायर २१ इंची आहेत. गावातल्या रस्त्यांवर काही खास?

चाकं_बिकं
आहे. २१ इंची चाकाला रबराची भिंत थोडी. खड्ड्याची कड लागली की आतले धागे तुटतात आणि बाजूला लिंबाएवढा फुगा येतो. फुगा आला म्हणजे तो टायर संपला, त्यावर समृद्धीवर चढायचं नाही. संध्याकाळी मोबाइलचा दिवा लावून चारही टायरच्या आतल्या बाजूने हात फिरवा. आतली बाजू कोणी बघत नाही आणि फुगा बऱ्याचदा तिथेच असतो.

खड्डा चुकवता येत नसेल तर आधी ब्रेक मारून वेग उतरवा आणि खड्ड्यात शिरताना ब्रेक सोडा. ब्रेक दाबलेला असताना पुढचं नाक खाली बसलेलं असतं, सगळा मार चाकावर येतो.

पाटावरचे छोटे पूल आणि रंग न मारलेले गतिरोधक यांना लांब गाडीचं पोट टेकतं. गाडी उंच करायचं बटण आधीच दाबा, उंच व्हायला काही सेकंद लागतात. दाबून लगेच चढलात तर उपयोग शून्य. वेग वाढला की ती आपोआप खाली येते, म्हणून पुढच्या गतिरोधकाला पुन्हा दाबावं लागतं. उंची कमीच पडली तर तिरकं जा, एकेक चाक.

छाटणी
दिंडोरी-निफाड भागातून येणार असाल तर रस्त्यावर काय असतं ते ऐका. फेब्रुवारी म्हणजे द्राक्षाची काढणी जोरात. पहाटे क्रेट भरलेल्या पिकअप पिंपळगावकडे निघतात, त्या थांबत नाहीत. लासलगाव बाजूला कांद्याच्या ट्रॉल्या, उसाच्या गाड्या. ट्रॉलीला मागे दिवा नसतो, असला तर एक, तोही डाव्या की उजव्या बाजूचा ते कळत नाही. अंधार पडल्यावर या रस्त्यांवर ६० च्या वर कशाला जायचं? सहा-साडेसहापर्यंत मुक्कामी पोचा.

गाडी बागेच्या बांधाला लावू नका. भुरी, डाऊनी हे बुरशीचे रोग; भुरीसाठी गंधक, डाऊनीसाठी मोरचूद, काही ना काही चालू असतं आणि ब्लोअरचा फवारा वाऱ्याने वीस-पंचवीस फूट सहज येतो. काळ्या गाडीवर पांढरे-निळे ठिपके पडतात. पडलेच तर कोरड्या फडक्याने पुसू नका, ओरखडे उठतील. त्याच दिवशी भरपूर पाणी मारा, ऊन लागून सुकले तर निघता निघत नाहीत.

मुलांना बागेत शिरू देऊ नका, मालकाला विचारल्याशिवाय तर नाहीच. फवारणीनंतर ठरावीक दिवस घड तोडायचे नसतात, ते दिवस बाहेरच्याला दिसत नाहीत. घडावर पांढरट मेणासारखा थर दिसतो तो नैसर्गिक असतो, ते औषध नव्हे. औषध डोळ्याला दिसेलच असं नाही. म्हणून धुऊन खा.

कडू_गोड
आता मूळ मुद्दा. टेस्टिंगमध्ये पाच-सहा वाइन येतात, प्रत्येकी ३० मिलीच्या आसपास. 'घोटभरच तर' असं वाटतं. हिशोब करा. पाच गुणिले ३० म्हणजे १५० मिली, १३ टक्के अल्कोहोल धरलं तर साधारण १५ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. ७० किलोच्या पुरुषाच्या रक्तात ते एकदम उतरलं तर १०० मिलीला ३२ मिलिग्रॅम. कायद्याची मर्यादा ३०. ५५ किलोच्या बाईला तेच पन्नासच्या आसपास. उतरण्याचा वेग तासाला ढोबळ १५. म्हणजे टेस्टिंग झालं, वर जेवताना एक पूर्ण ग्लास झाला, की दुपार गेली. पोटात अन्न, वय, औषधं यांनी आकडा हलतो, त्यामुळे या हिशोबावर गाडी चालवायची नाही. चालवू नये हे कळण्यापुरता तो आहे.

मोटार वाहन कायद्याचं कलम १८५, पहिल्या वेळेला १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. अपघात झाला तर स्वतःच्या गाडीचा विमा मिळत नाही, आणि जीएलएसचा एक दिवा बदलायचा खर्च किती ते चाकंबिकं सांगतील.

तुमच्यात चालवणारे दोन असतील तर दिवस वाटून घ्या. एक दिवस एकाने कोरडं राहायचं, पूर्ण कोरडं. कोरड्याला नुसतं चाखायचं असेल तर टेबलावर थुंकायचं भांडं मागा, सरळ 'पिकदाणी' म्हटलं तरी कळतं. पण थुंकूनही तोंडातून थोडं जातंच, म्हणून लगेच चाकामागे बसू नका. सोपा उपाय म्हणजे नाशिकमधून दिवसाचा चालक घ्या. फक्त त्याला आधी मोकळ्या मैदानात दहा मिनिटं गाडी द्या. गिअरचा दांडा स्टिअरिंगला आहे, सवय नसलेला माणूस इंडिकेटर समजून त्यालाच हात घालतो.

वाइन २१ वर्षांखाली देत नाहीत. मुलांना आवारात, रेस्टॉरंटमध्ये अडचण नसते, पण टेस्टिंगच्या खोलीत घेतात का ते बुकिंग करतानाच विचारा.

ठाणेकर_मुक्कामी
हिशोब पाहून डोळे उघडले. शनिवारी चालक घेतो, शुक्रवार-रविवार मी कोरडा. बसायची रचना कशी ठेवू? चार वर्षांच्या मुलीची सीट आयसोफिक्सची, म्हणजे गाडीतल्या कड्यांना अडकणारी, आहे.

तिसरी_रांग
मुलीची सीट दुसऱ्या रांगेत उजवीकडे, चालकाच्या मागे. कारण तिसऱ्या रांगेत जायची वाट फुटपाथच्या बाजूने, म्हणजे डावीकडून हवी, आणि लहान मुलाची सीट लावलेली आसनं पुढे झुकवता येत नाहीत. सीट डावीकडे लावली की मोठा मुलगा प्रत्येक थांब्याला रस्त्याच्या बाजूने चढणार.

आजी-आजोबा दुसऱ्या रांगेत. मधल्या जागेवर आजींचं अंग आखडत असेल तर त्यांना पुढे बसवा आणि तुमच्या सौ. मुलीशेजारी. तिसऱ्या रांगेत नऊ वर्षांचा मुलगा आणि बॅगा. त्याचा पट्टा मानेवरून जात असेल तर खाली बूस्टर लागतो, पट्टा खांद्याच्या मधोमध आणि मांडीवर बसला पाहिजे, पोटावर नाही. १४ वर्षांखालचं मूल बांधलेलं नसेल तर १,००० रुपये दंड, पण दंडासाठी नव्हे, तिसरी रांग मागच्या काचेच्या किती जवळ आहे ते एकदा बसून बघा.

गाडी लागणारं मूल तिसऱ्या रांगेत बसवू नका. बसवावंच लागलं तर मागचा एसी चालू, हातात मोबाइल नाही, आणि निघण्याआधी मिसळ नाही. मिसळ पोचल्यावर.

सीटखाली जाड चटई टाका. आयसोफिक्सची सीट महिनाभर राहिली की चामड्यावर खड्डे पडतात.

अर्धा_ग्लास
चामड्यावर रेड वाइन सांडली तर? दोन दिवसांत कोणीतरी सांडणारच.

तिसरी_रांग
पांढरं सुती फडकं दाबून धरा, घासायचं नाही. फडकं बदलत राहा, रंग यायचा थांबला की ओलसर फडक्याने एकदा पुसा, मग कोरडं. थंड हवा येणारी सीट असेल तर तिला बारीक भोकं असतात. वर पाणी ओतलं तर ते खाली स्पंजात आणि पंख्यात जातं. मीठ, व्हिनेगर, लिंबू हे घरगुती प्रयोग कपड्यांवर करा. हात पुसायच्या ओल्या टिश्यूत अल्कोहोल असेल तर चामड्याचा रंग उडतो, पाकिटावर वाचून घ्या.

द्राक्षं तुडवायचा कार्यक्रम जानेवारी ते मार्चमध्ये काही ठिकाणी असतो. मुलांना फार आवडतो. पण त्यानंतर पाय धुऊन, पुसून, जुन्या पायमोज्यांतच गाडीत घ्या. रसातली साखर गालिच्यात सुकली की चिकट होते आणि मुंग्या येतात.

कडू_गोड
खोक्यांबद्दल कोणी बोललं नाही. बारा बाटल्यांचं खोकं १५-१६ किलोचं होतं, फसफसणारी असेल तर काच जाड म्हणून त्याहून जड. तिन्ही रांगा वर असताना जीएलएसची डिकी ३५५ लिटरची. सहा जणांच्या बॅगा आणि दोन खोकी? पोत्यासारखं कोंबावं लागेल. मऊ बॅगा आणा, ट्रॉली बॅगा घरी ठेवा. खोकी सगळ्यात खाली, तिसऱ्या रांगेच्या पाठीला घट्ट टेकवून. ब्रेक लागल्यावर १५ किलोचं खोकं उडून मुलाच्या डोक्यात येता कामा नये. डिकीत मागची बाजू खाली बसवायचं बटण आहे, सुमारे ५० मिमी उतरते, जड खोकं चढवताना ते वापरा. कंबर वाचते.

खरा शत्रू ऊन. फेब्रुवारीत नाशिकला सकाळी स्वेटर आणि दुपारी ३० च्या वर. बंद गाडीत आतला पारा पन्नाशीला जातो, वर काचेचं छप्पर. वाइन तापून फुगते, बूच बाहेर ढकललं जातं आणि गळती सुरू होते. बूच वर आलेलं दिसलं तर निदान कळतं. नाशिकच्या बऱ्याच बाटल्यांना फिरकीचं झाकण असतं, त्यात बाहेरून काहीच दिसत नाही, घरी उघडल्यावर शिजलेल्या फळासारखा वास येतो. पांढऱ्या वाइनचं नुकसान आधी होतं. म्हणून खरेदी सगळ्यात शेवटी, आणि खरेदीनंतर कुठेही उन्हात थांबा नाही. थर्मोकोलचा मासळीचा खोका मिळतो, धुऊन वापरला तर उत्तम. बर्फाची पाकिटं बाटलीला थेट टेकवू नका, वर्तमानपत्रात गुंडाळा.

घाटमाथा
याच कारणाने तुमचा क्रम उलटा करा. इगतपुरीचा पट्टा जाताना नाही, येताना. रविवारी सकाळी नाशिक सोडायचं, सांजेगावला अकरापर्यंत टूर, खोकी भरायची, एसी चालू, इगतपुरीहून समृद्धी, दुपारी जेवायला घरी.

गोदाकाठ
असहमत. रविवारी दुपारी मुंबईकडे परतणारी सगळी दुनिया त्याच वेळी. आणि इगतपुरीकडचा धरणाचा देखावा सकाळच्या उजेडात, ताज्या डोळ्यांनी बघायचा, परतीच्या घाईत नाही.

घाटमाथा
गर्दी दुपारी चारनंतर खरी. एकला निघालात तर पुढेच असता. देखावा अकरालाही तोच असतो.

कडू_गोड
घाटमाथ्याला +१. बाटल्या दोन दिवस डिकीत शिजवण्यापेक्षा देखावा दोन तास उशिरा बघितलेला बरा. आणि बिल गाडीतच ठेवा.

एक महत्त्वाचं. वणीला सप्तशृंगी करून 'जवळच आहे' म्हणून सापुताऱ्याला जाणारे खूप. सापुतारा गुजरातेत आहे आणि तिथे दारूबंदी. डिकीत एक बाटली असली तरी सीमा ओलांडू नका, बिल दाखवून सुटका नाही. सापुतारा करायचा असेल तर खरेदीच्या आधी.

ठाणेकर_मुक्कामी
सापुतारा यादीत होता! काढला. मग शुक्रवारी गंगापूर, शनिवारी निफाड, रविवारी इगतपुरी?

छाटणी
बरोबर. शनिवारी निफाडला जाताय तर सूर्य वर यायच्या आत नांदूरमध्यमेश्वर करा. पक्षी अभयारण्य, २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ झालं. आठनंतर पक्षी लांब जातात. पाण्याकडचे रस्ते अरुंद आहेत, तुमची गाडी मुख्य वाहनतळावरच ठेवा. तिथून रेव्हिलो. इटालियन जाती, ग्रिलो आणि नेरो द'आव्होला, इथे करतात, बाकी ठिकाणी शिराझ, कॅबर्ने, सोव्हिन्यो ब्लाँ, शेनँ ब्लाँ हेच जास्त.

वाइनची द्राक्षं मुलं तोंडात टाकून तोंड वाकडं करतात. मणी बारीक, साल जाड, आत बी. गोडी मात्र खायच्या द्राक्षापेक्षा जास्त असते, २२ ते २४ ब्रिक्सला (रसातल्या साखरेचं माप) तोडतात. खायची १६-१८ ला. मुलांसाठी वाटेत थॉमसन किंवा सोनाका घ्या, काळ्यांत शरद.

अर्धा_ग्लास
हीच सहल ऑक्टोबरात केली तर? दर कमी असतील, गर्दी नसेल.

छाटणी
ऑक्टोबरात घड नसतात, नुसत्या काड्या. इथे वर्षाला दोन छाटण्या, एक पीक. एप्रिलला काड्या तयार व्हायला खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरला फळासाठी गोडी छाटणी, आणि माल जानेवारीपासून. बागेचं हिरवंगार चित्र हवं असेल तर डिसेंबर.

पण ऑक्टोबरचा खरा धोका वेगळा. गोडी छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाइड लावतात, आमच्याकडे डॉर्मेक्स म्हणतात. ते विषारी आहेच, शिवाय अल्कोहोलचं शरीरात पचन अडवतं. अंगाला लागलं आणि त्याच्या आगेमागे दारू पोटात गेली तर तोंड लाल, धडधड, उलट्या, रक्तदाब खाली. लावणारे मजूर म्हणूनच त्या दिवसांत पीत नाहीत. पाहुण्यांनी त्या काळात काडीला हात लावून फोटो काढू नये, पोरांनी तर नाहीच.

ठाणेकर_मुक्कामी
हे कुठल्याच माहितीपत्रकात नाही. शेवटचा प्रश्न, आजोबांना तळघरात थंडी वाजेल का?

गोदाकाठ
पिंपांच्या खोलीत पारा १२ ते १५ च्या आसपास, बाहेरच्या ३२ मधून एकदम. शाल गाडीत न ठेवता हातात घ्या. काही ठिकाणी जिना उतरावा लागतो आणि फरशी सतत धुतलेली असते, घसरते. चपलेऐवजी बूट घालायला सांगा. गुडघे दुखत असतील तर फोनवरच विचारा, वरच्या गॅलरीतून दाखवतात का ते.

चाकं_बिकं
आणि रविवारी काही कारणाने समृद्धी सोडून कसारा घाटाने उतरलात तर स्टिअरिंगमागचं डावं पॅडल दोनदा ओढून गिअर खाली ठेवा. सहा माणसं, दोन खोकी आणि अडीच टनांची गाडी नुसत्या ब्रेकवर उतरवली तर खाली पोचेपर्यंत ब्रेकचा वास येतो. वास आला तर थांबा, हॅन्डब्रेक न लावता पार्कमध्ये ठेवा, चाकांवर पाणी ओतू नका, तापलेली डिस्क वाकते. जीएलएस उभी केली की हॅन्डब्रेक स्वतःच लागू शकतो, तो कसा सोडायचा ते घरी एकदा करून बघा.

ठाणेकर_मुक्कामी
बघितलं. स्टिअरिंगच्या उजव्या बाजूला खाली आहे, दिव्यांच्या बटणाजवळ. पाच मिनिटं शोधत होतो.